चोराच्या तोंडची गोष्ट

आमच्या मंडळीतील एका भगिनीने मध्यंतरी आम्हांस एक प्रश्न विचारला. त्यांची चौदा वर्षांची मुलगी एका इंग्रजी कादंबरीत इतकी रंगून गेली होती की तिला जेवणाचेही भान राहिले नाही. कादंबरीचा नायक चोर, आणि गोष्ट सांगणाराही तोच. “शब्बाथशाळेत आपण आठवी आज्ञा शिकवायची आणि घरी मुलांनी चोरावर जीव लावायचा, हे बरे आहे का?” असे त्यांचे म्हणणे. उत्तर देण्यापूर्वी पुस्तक वाचावे म्हणून आम्ही ते मागून घेतले. आणि खरे सांगायचे तर आमचाही त्या चोरावर जीव जडला.

पुस्तकाचे नाव ‘द थीफ’. अमेरिकन लेखिका मेगन व्हेलन टर्नर यांचे हे पुस्तक १९९६ साली प्रसिद्ध झाले व पुढच्याच वर्षी त्यास बालसाहित्यातील ‘न्यूबेरी ऑनर’ हा बहुमान मिळाला. त्यातील प्रदेश प्राचीन ग्रीसची आठवण देणारा, पण राज्ये व देवदेवता लेखिकेने कल्पिलेल्या. राजाची मुद्रा चोरून गुत्त्यात फुशारकी मारणारा जेन तुरुंगात पडला आहे. राजाचा विद्वान सल्लागार त्याला बाहेर काढतो, तो आणखी एक चोरी करवून घेण्यासाठीच. वाटभर जेन कुरकुरतो: जेवण पुरत नाही, घोड्यावर बसून अंग दुखते. शेवटी उलगडा होतो की तो मुद्दामच पकडला गेला होता, आणि शेजारच्या राज्याच्या राणीचा तो निष्ठावंत सेवक आहे. सोबत्यांपासून आणि आपल्यापासूनही त्याने बरेच काही दडवून ठेवलेले असते.

असा माणूस मुलांना का आवडावा? आमच्या मते, तो ‘मी’ म्हणून बोलतो म्हणून. त्याची भूक, भीती व मानखंडना आपण आतून पाहतो. बोधकथांतील निर्दोष मुलांपुढे संकोचणारी आपली मुले या दोषी मुलाजवळ मोकळी होतात. चोरी मात्र चोरीच राहते. २००० साली निघालेल्या पुढच्या भागात जेनला पकडून त्याचा उजवा हात तोडला जातो.

येथे आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली आणि मान खाली घालावी लागली. आमच्या वर्गातील एका मुलाने दानपेटीतून पाच रुपये घेतले होते. आम्ही त्याला सर्वांपुढे उभे केले, आज्ञा म्हणायला लावली व घरी पाठवले. का घेतलेस, हे विचारले नाही. तो पुन्हा आला नाही. पुस्तकातल्या चोरासाठी आम्ही चार रात्री जागलो. समोर उभ्या असलेल्या लेकरास पाच मिनिटे दिली नाहीत.

परंतु या ‘मी’ची दुसरीही बाजू आहे. तो हवे ते सांगतो, नको ते गाळतो. उरीया मारला गेला तेव्हा दावीदाने यवाबास निरोप धाडला की लढाईत माणसे पडायचीच. स्वतःची गोष्ट तो स्वतःस अशीच सांगत राहिला असावा. मग नाथान संदेष्ट्याने त्याला एका गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगितली (२ शमुवेल १२). दावीद संतापला, त्याने शिक्षाही सुनावली, आणि मग कळले की गोष्टीतला अपराधी आपणच. आपणही प्रार्थनेत पापांचा अंगीकार करताना किती गाळतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

म्हणून त्या भगिनीस आम्ही सांगितले: पुस्तक काढून घेऊ नका, आपणही वाचा. मग मुलीस विचारा, जेनने काय दडवले? का दडवले? त्याच्या सोबत्याने हीच गोष्ट सांगितली असती तर ती कशी झाली असती? शिक्षक बंधुभगिनींनीही हे प्रश्न वर्गात विचारून पाहावेत. दुसऱ्याची गोष्ट त्याच्या तोंडून ऐकावी आणि आपली गोष्ट आपल्याच तोंडची म्हणून तपासून घ्यावी, एवढे मुले शिकली तरी पुष्कळ झाले.

प्रभू येशूने वधस्तंभावरून एका चोराचे ऐकून घेतले. त्या चोराने आपल्या बचावाची गोष्ट रचली नाही. शिक्षा योग्यच आहे असे म्हणून त्याने केवळ आठवण मागितली. त्याच्यासारखे खरे बोलण्याची आणि प्रभूसारखे ऐकून घेण्याची कृपा देव आपणां सर्वांस देवो.