दूर गेलेला बाप

गेल्या उन्हाळ्यात कात्रज येथे एका गृहस्थांच्या स्मरणार्थ त्यांच्या घरी मंडळी जमली होती, तीत आम्हीही होतो. हे गृहस्थ मालवाहू जहाजाच्या यंत्रखान्यात काम करीत. सव्वीस वर्षे त्यांनी या बंदराहून त्या बंदरास जाण्यात घालविली. वर्षातून दीड-दोन महिने काय ते घरी येत. राहते घर, मुलांची शिक्षणे, बहिणीचे लग्न, सर्व काही त्यांच्या पगारातून झाले. व्यसन ठाऊक नव्हते. एकेकाने उठून त्यांच्याविषयी बरे शब्द सांगितले. शेवटी थोरल्या मुलास बोलावयास सांगितले, तो उठेना. मागाहून अंगणात तो आम्हांस म्हणाला, "काका, बाबांनी आमच्यासाठी सगळं केलं, हे खरं. पण ते कसे होते, हे मला सांगता येत नाही. उभं राहून खोटं कसं बोलू?"

तेथील उपदेशकांनी त्याची समजूत घालण्याचा यत्न केला. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत कात्रजचा तलाव बांधिला, आणि त्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून पुणे शहरातील हौदांत येत असे. हौदावर घागर भरणाऱ्या बाईस तळे कधी दिसले नाही, म्हणून पाणी तळ्याचे नव्हते की काय? असे ते म्हणाले. दृष्टान्त चांगला होता. मुलाने तो ऐकून घेतला आणि म्हणाला, "पण मास्तर, बाप म्हणजे तळं नव्हे."

काही मंडळीस हा मुलगा कृतघ्न वाटला. आम्हांस तसे वाटले नाही. आमच्या गावोगावी असे बाप आहेत: कोणी आखातात आहे, कोणी पलटणीत, कोणी मालमोटारीवर. ज्याने मुलांसाठी घर सोडिले, त्याने मुलांस सोडिले असे म्हणावे काय? आणि जो पैशासाठी जात नाही, विद्येसाठी किंवा लोकसेवेसाठी जातो, त्याचा हिशेब निराळा धरावा काय? याचा विचार करिताना आम्हांस धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र आठवले. ते बौद्ध मताचे पंडित होते. त्यांचा मार्ग आमचा नव्हे. परंतु बापपणाचा प्रश्न सर्वांस सारखाच आहे.

धर्मानंदांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यात सांखवाळ येथे झाला. 1899 साली ते ज्ञानाच्या ओढीने घराबाहेर पडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक. पुण्यास येऊन ते डॉ. भांडारकरांस भेटले, पुढे ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश. काशीस अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. घरी परत आले ते 1906 साली. त्यांचे 'निवेदन' हे आत्मवृत्त वाचणाऱ्यास त्यांच्या कष्टांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. परंतु बाळाबाईंनी आत्मवृत्त लिहिले नाही. त्या सुमारे सात वर्षांची त्यांची बाजू कोणी मांडली नाही, आणि बापाचे मोठेपण दाखवून ती भरून निघते असे आम्हांस वाटत नाही.

पुढे कलकत्त्याच्या विद्यापीठाने त्यांस दरमहा 250 रुपये देऊ केले असता, महाराष्ट्रात राहून काम करिता यावे म्हणून त्यांनी सयाजीराव महाराजांचे 50 रुपये पत्करिले. हा त्याग थोरच होय. मात्र उरलेल्या 200 रुपयांवाचून संसार चालविणारीने काय केले असेल, हेही वाचकांपैकी ज्या बायका आहेत त्यांच्या मनात आल्यावाचून राहणार नाही.

1910 साली प्राध्यापक वुड्स यांच्या बोलावण्यावरून ते अमेरिकेस हार्वर्ड विद्यापीठात गेले. वॉरन नामक पंडिताने हाती घेतलेला 'विसुद्धिमग्ग' हा पाली ग्रंथ शुद्ध करून छापण्याजोगा करावयाचा होता. त्या कामासाठी त्यांस एकंदर चार वेळा समुद्र ओलांडावा लागला. मध्यंतरी 1912 पासून 1918 पर्यंत त्यांनी पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकविली. 1929 साली ते रशियात लेनिनग्राडला गेले. 1930 साली शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात पडून तुरुंग भोगिला.

पण 1918 ची सफर निराळी होती. त्या वेळी त्यांनी माणिक आणि अकरा वर्षांचा मुलगा दामोदर या दोघांस बरोबर घेतले. जिला तान्ही टाकून गेले होते, तिलाच आगबोटीवर घेऊन गेले आणि अमेरिकेत रॅडक्लिफ कॉलेजात शिकविले. मुलीस गावच्या शाळेतही घालण्यास लोक कचरत, त्या दिवसांतील ही गोष्ट आहे. बाळाबाई आणि दोन धाकट्या मुली मात्र इकडेच राहिल्या. तेव्हा फेड झाली ती अर्धीच. तरीही पहिल्या जाण्यात आणि या जाण्यात जो फरक आहे, तो आम्हांस मोठा वाटतो. पहिल्या वेळी मुलांच्या वाट्यास बापाचे काम आले ते केवळ त्याच्या नसण्याच्या रूपाने. दुसऱ्या वेळी ते काम मुलांनी डोळ्यांनी पाहिले.

दामोदर पुढे गणिती झाले. बापाप्रमाणेच त्यांनीही फर्ग्युसन कॉलेजात शिकविले, आणि पुण्याभोवतालच्या टेकड्या तुडवून प्राचीन दगडी हत्यारे शोधली. धर्मानंद 4 जून 1947 रोजी सेवाग्राम येथे वारले. ज्या 'विसुद्धिमग्गा'साठी त्यांनी इतक्या सफरी केल्या, तो हार्वर्डच्या ग्रंथमालेत 1950 साली, 41 वा ग्रंथ म्हणून निघाला. छापलेले पुस्तक त्यांच्या हाती पडले नाही. त्याच मालेचा 42 वा ग्रंथ 1957 साली निघाला, तो 'सुभाषितरत्नकोश'. त्याच्या दोघा संपादकांपैकी एक दामोदर होत. क्रमांक पाठोपाठ लागले हा छापखान्याचा योग म्हणा. गणिताच्या पंडिताने संस्कृत सुभाषितांची पोथी हाती घ्यावी, यास आम्ही योग म्हणणार नाही.

हे सर्व आम्ही त्या कात्रजच्या मुलास सांगितले. तो म्हणाला, "बाबांनी मला जहाजाचं यंत्र कसं चालतं ते एकदा जरी सांगितलं असतं!" त्याची आई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "त्यांना बोलणं जमत नसे रे. फोनवर पैसे पोचले का एवढंच विचारायचे. 'बाबांनी तुझी चौकशी केली, परीक्षेचं विचारलं', हे मीच माझ्या मनानं सांगायची." मुलगा तिच्याकडे बघत राहिला, हे त्यास ठाऊक नव्हते.

परत येताना आम्ही उपदेशकांस विचारले, की या बाईस दोन शब्द बोलावयास का सांगितले नाही? ते म्हणाले, "ध्यानातच आलं नाही." ते आमच्याही ध्यानात आले नव्हते.