खिळ्यावर चढलेले तांबे

दिंडोरी-निफाडकडचा द्राक्षबागायतदार मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण तयार करतो, तेव्हा फवारणीआधी त्यात लोखंडी खिळा नाहीतर विळ्याचे पाते थोडा वेळ बुडवून बघतो. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असे समजायचे, आणखी निवळी ओतायची आणि पुन्हा बुडवायचे. मोरचुदाचा अंश मोकळा राहिला तर कोवळी पाने करपतात. त्याच घरातली मुलगी दहावीला विस्थापन अभिक्रिया पाठ करत असते: कॉपर सल्फेटच्या, म्हणजे मोरचुदाच्याच, द्रावणात लोखंडाचा खिळा ठेवला की त्यावर तांबे जमा होते. बाप शेतात करतो ते आणि लेक घोकते ते एकच, हे सहसा दोघांनाही कोणी सांगितलेले नसते.

आता शाळेचे विज्ञान प्रदर्शन बघा. मातीचा ज्वालामुखी, पोटात खायचा सोडा, वरून व्हिनेगर आणि लाल रंग. फेस उसळतो, पाहुणे टाळ्या वाजवतात, कार्यक्रम संपतो. खरे तर विज्ञान तिथून पुढे सुरू व्हायला हवे. फेस थांबल्यावर आणखी सोडा टाकला तर तो पुन्हा येईल की व्हिनेगर ओतल्यावर? सोडा दुप्पट केला तर फेस दुप्पट होतो का? व्हिनेगरऐवजी ताक, लिंबू, चिंचेचे पाणी चालेल? हे प्रश्न विचारायला एक रुपयाही जास्त लागत नाही. लागतो तो वेळ, आणि फसण्याची परवानगी.

घरगुती साहित्याचे कौतुक आपण नेहमी ते स्वस्त म्हणून करतो. मला ते अर्धवट वाटते. प्रयोगशाळेतले काचेचे भांडे मूल जपून, भीत भीत हाताळते. वाटीभर पाणी आणि चार मनुका सांडल्या तर कोणी रागावत नाही, म्हणून मूल तोच प्रयोग पुन्हा करते, या वेळी थोडा बदलून. साध्या साहित्याची खरी कमाई ही मोकळीक आहे.

मनुकांचेच घ्या. परासरण शिकवताना हा प्रयोग ठरलेला. रात्री पाण्यात टाकलेल्या मनुका सकाळी टम्म फुगतात, त्याच उचलून साखरेच्या घट्ट पाकात टाकल्या की पुन्हा आक्रसतात. पुण्यामुंबईच्या मुलासाठी गोष्ट इथे संपते. पण पिंपळगाव बसवंतच्या मुलाने काढणीच्या तोंडावर आलेल्या अवकाळी पावसात मणी तडकलेले पाहिलेले असतात. गोड मणी पाणी ओढून घेतो, साल ताणली जाते आणि फुटते. वाटीतली मनुका आणि घरचे बुडालेले वर्ष यांचा संबंध त्याला जोडून देणे हे शिक्षकाचे काम. कोणत्याही तयार किटमध्ये ते मिळत नाही.

हे काम महाराष्ट्राला अपरिचित नाही. आयआयटीतून अभियंता होऊन पुण्यात टेल्कोत नोकरी करणारे अरविंद गुप्ता 1978 साली होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले आणि काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार करू लागले. चौकोन बोटाने कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही. पूल आणि छपरांच्या कैच्या त्रिकोणी का, हे मुलाच्या हाताला कळते. पुढे पुण्याच्या ‘आयुका’तील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षे हेच केले. होशंगाबादचा मूळ कार्यक्रम 1972 साली सुरू झाला. तिथे परीक्षेत पुस्तक उघडायला मुभा होती आणि प्रयोग करून दाखवावा लागे. 2002 साली मध्य प्रदेश सरकारने तो बंद केला. माझ्या मते धडा त्या वेगळ्या परीक्षेत आहे: परीक्षा बदलल्याशिवाय असे प्रयोग टिकत नाहीत.

एक आक्षेप मात्र मान्य करायलाच हवा. ‘टाकाऊतून टिकाऊ’चा फार उदो उदो झाला की जिल्हा परिषदेच्या शाळेला सूक्ष्मदर्शक न देण्याची सोय होते. कांद्याचा पापुद्रा लासलगावात फुकट मिळतो, पण त्यातल्या पेशी नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. घरचे साहित्य ही सुरुवात आहे, प्रयोगशाळेला पर्याय नाही. शिवाय एका तासिकेत पन्नास मुले सांभाळणाऱ्या शिक्षकाला नुसता उपदेश करणे सोपे आहे.

तरी साध्या साहित्याला चिकाटीची जोड मिळाली तर काय होते, याचा दाखला आपल्याच नाशिक जिल्ह्यात जन्मला आहे. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके यांनी 1912 साली कुंडीत वाटाणा लावून त्याच्या वाढीचे रोज थोडे थोडे चित्रण केले. ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटासाठी भांडवल मिळाले ते ही फीत दाखवून. एक वाटाणा, एक कुंडी आणि रोज न चुकता बघणे.

येत्या 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, नाशिकच्या शाळांनी एवढे करून पाहावे. बक्षीस मॉडेलला न देता वहीला द्यावे. काय करून पाहिले, काय फसले, दुसऱ्या वेळी नेमके काय बदलले, एवढेच त्या वहीत असावे. खिळा आणि मोरचुदाचा प्रयोग ठेवणार असाल, तर भांडे स्वयंपाकातले नको आणि मोठे माणूस जवळ हवे. जमल्यास ते मोठे माणूस म्हणून एखाद्या बागायतदार पालकालाच बोलवा.