मागच्या सीटवरचा भरवसा

प्लास्टर निघतं. आत टाकलेला रॉड डॉक्टर एक्स-रेवर दाखवतात, हाड जुळलं म्हणतात. अपघातातली दुचाकीही तोवर गॅरेजमधून आलेली असते. वाकलेला चिमटा सरळ झालेला, इंडिकेटर नवा. तरीही माणूस गाडीपाशी जातो, चावी लावतो, थोडा वेळ उभा राहतो आणि घरात परत येतो. कुणी विचारलं तर म्हणतो, "पाय अजून ठणकतो." पाय ठणकत असेलही. पण खरं कारण वेगळं असतं आणि ते सांगायची त्याला लाज वाटते. गावात चावडीवर बसणाऱ्यांनी त्याच्यासाठी शब्द तयार ठेवलेले असतात: पोरगं घाबरलं.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात गाडी ही हौसेची गोष्ट नाही. घाटाखाली संग्रामपूर, जळगाव जामोद असो की घाटावर लोणार, मेहकर असो, आडवळणाच्या गावात एसटी मोजक्या वेळा येते. दूध डेअरीवर पोचवायचं, शाळेत वेळेवर हजर व्हायचं, फवारणीचं औषध आणायचं, म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायचं, गुरुवारी शेगावला दर्शनाला जायचं, सगळं गाडीवर. त्यामुळे ज्याचा हात हँडलवर थरथरतो, त्याचा रोजगार थांबतो आणि त्याच्यावर अवलंबून असलेलं सगळं घरही थांबतं. "भीती वाटते तर चालवू नको" हा सल्ला पुण्या-मुंबईत चालेल, इथे तो अर्धवट आहे.

1 जुलै 2023 च्या पहाटेपूर्वी सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि 25 माणसं गेली. तो आकडा जिल्ह्यात कुणीही विसरलेला नाही, विसरूही नये. पण समृद्धीवर दुचाकीला प्रवेशच नाही. आपली माणसं पडतात ती जुन्या रस्त्यांवर, एकदोघं, आणि बातमी चार ओळींची होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 जण गेले. त्यात 74,897 दुचाकीवरचे होते. पडून वाचले त्यांचा मनाचा हिशेब कोणत्याच अहवालात नाही.

त्या मनाबद्दल थोडं. भीतीचा एक नियम आहे: तिला टाळलं की ती वाढते. गाडी टाळली की त्या दिवशी सुटल्यासारखं वाटतं, आणि नेमकं ते सुटल्यासारखं वाटणंच दुसऱ्या दिवशीची भीती घट्ट करतं. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलावर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. मूल आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवायचा, आणि त्याला सोसवेल तसतसा जवळ आणायचा. शेवटी ते मूल सशाला हात लावू लागलं. एवढीच युक्ती आहे आणि शंभर वर्षांनंतरही तीच वापरतात. गाडीचंही तसंच. आधी नुसती पुसायची. मग अंगणात सुरू करून बंद करायची. मग रविवारी शाळेच्या रिकाम्या मैदानावर पहिल्या गिअरमध्ये दोन फेऱ्या. मग गावाच्या वेशीपर्यंत. जिथे पडलो ती जागा शेवटी, आणि तीही दिवसाउजेडी, सोबतीला कुणी असताना. भीती किती आहे हे तोच ठरवणार, वेगही तोच ठरवणार. मागून ढकलणाऱ्याला इथे जागा नाही. आणि रात्री झोपेत पुन्हापुन्हा तोच ट्रक समोर येत असेल, महिने उलटूनही छाती धडधडत असेल, तर त्याला कमकुवतपणा न समजता जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांना सांगावं. घरबसल्या बोलायचं तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

मात्र नुसती भीती गेली म्हणजे काम झालं असं मी मानत नाही. त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा: मी का पडलो?

आपल्याकडे हा प्रश्न दोन उत्तरांनी बंद करतात. पडला तर नशीब, वाचला तर गजानन महाराजांची कृपा. श्रद्धेला माझा नमस्कार आहे. पण रस्त्यावरच्या गोष्टींना कारणं असतात. बोथा घाटात ज्ञानगंगा अभयारण्यातून रोही अचानक आडवा येतो. राजूर घाटाच्या वळणावर समोरचा आपल्या अंगावर येतो. सुगीत रस्त्यावरच सोयाबीन वाळत घातलेलं असतं. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर येते आणि दोन सरी पडल्या की तिथे चाक धरत नाही. उसाची, कापसाची ट्रॉली अंधारात मागे दिवा नसताना उभी असते. यात चालवणाऱ्याचा दोष नसेल, तर त्याने तो स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरू नये. अनेक जण नको तो अपराधभाव वर्षानुवर्षं वाहतात. पण दोष असेल तर तो स्वतःशी तरी कबूल व्हायला हवा. फोन खिशात वाजला म्हणून एक हात सुटला होता का? लग्नाच्या पंगतीनंतर थोडी घेतली होती का? ताशी 60 च्या वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त जाते. हात ब्रेकपर्यंत पोचायच्या आत. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायचं अंतर चौपट होतं. पुढच्या ब्रेकला आपल्याकडे पुष्कळ जण उगाच घाबरतात, तो लावतच नाहीत. थांबवायची जास्त ताकद त्याच्यातच असते, फक्त खडीवर आणि ओल्या मातीवर तो हलक्या हाताने दाबायचा असतो. नजर खड्ड्यावर खिळली की गाडी खड्ड्यातच जाते. हे कळलं, मैदानावर करून पाहिलं, की हातात जे येतं ते पहिल्यापेक्षा खरं असतं. पडायच्या आधीचा आत्मविश्वास पुष्कळदा केवळ न पडल्याचा असतो. तो परत मागू नये.

निकी लाउडा हा ऑस्ट्रियाचा मोटार शर्यतपटू. 1 ऑगस्ट 1976 ला जर्मनीतल्या नूरबर्गरिंगवर त्याची गाडी पेटली, चेहरा भाजला, फुप्फुसात धूर गेला. सहा आठवड्यांत तो इटलीत मोंझाला पुन्हा शर्यतीत उतरला आणि चौथा आला. ही गोष्ट सगळे सांगतात. तिथे आपण भीतीने ताठरलो होतो, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं. पण मला मोलाची वाटते ती पुढची. 24 ऑक्टोबरला जपानमध्ये शेवटची शर्यत होती, जगज्जेतेपद हाताशी होतं, आणि मुसळधार पाऊस पडत होता. दोन फेऱ्या झाल्या आणि तो गाडीतून उतरला. संघाने सुचवलं की इंजिनात बिघाड झाल्याचं सांगू. त्याने नकार दिला. आपण स्वतः थांबलो हेच सांगायला लावलं. एका गुणाने जगज्जेतेपद गेलं. पुढे 1977 आणि 1984 मध्ये ते त्याने पुन्हा मिळवलं. पाऊस जास्त आहे, मी आज निघत नाही, असं चारचौघांत म्हणता येणं हीसुद्धा सावरल्याची खूण आहे. चिखलीहून रात्री उशिरा निघायचा आग्रह करणाऱ्या मित्राला नाही म्हणणारा मला त्याच तोलाचा वाटतो.

आतापर्यंत सगळं पुढच्या सीटबद्दल बोललो. पण अपघाताच्या दिवशी गाडीवर पुष्कळदा दोघं असतात. मागे बायको असते, आई असते, कॉलेजला सोडायची बहीण असते. तीही पडलेली असते. तिच्याही कोपराला टाके असतात. हातात हँडल नाही, पायाखाली ब्रेक नाही, पुढचा रस्ता नवऱ्याच्या पाठीमागे झाकलेला. एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसलेली, एका हातात पिशवी, मांडीवर लेकरू. समोरून ट्रक आला की तिची बोटं सीटच्या पट्ट्यात रुततात, आणि पायाचा अंगठा नसलेला ब्रेक शोधतो. त्याने मैदानावर सराव करून हात बसवला, पण तिला सराव कुठून मिळणार? तिची भीती घालवायचं एकच साधन आहे, आणि ते म्हणजे पुढे बसलेला माणूस.

घरात त्याला सगळे विचारतात, "जमतंय ना आता?" तिला कुणी विचारत नाही. ती "हळू चालवा" म्हणाली की तो चिडतो, कारण त्याला ते स्वतःवरचा अविश्वास वाटतो. तो अविश्वास आहेच, आणि तो वाजवी आहे. तिने आपला जीव त्याच्या मनगटावर सोपवलेला असतो, एकदा तो निसटला होता, आणि ती पुन्हा सोपवते आहे. याहून मोठा भरवसा एक माणूस दुसऱ्यावर काय टाकणार? तो परत मिळवायची जबाबदारी टाकणाऱ्याची नाही, घेणाऱ्याची आहे. माझ्या मते गाडीवर आपण पुन्हा बसलो की नाही हे चालवणाऱ्याने स्वतः ठरवूच नये. मागे बसलेली व्यक्ती मोताळ्यापर्यंत खांदा न आवळता, श्वास न रोखता गेली की मग ठरलं.

आणि तोपर्यंत निदान तिच्या डोक्याचं बघावं. मोटार वाहन कायद्याचं कलम 129 चालवणाऱ्याइतकंच मागे बसणाऱ्यालाही लागू आहे, चार वर्षांवरच्या मुलालाही. 2022 मध्ये हेल्मेट नसल्यामुळे देशात 50,029 जण गेले, त्यातले 14,337 मागे बसलेले होते. साडी, ओढणी चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाची जाळी, मागच्याला धरायला आधार आणि पाय ठेवायला फूटरेस्ट असलाच पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत 1989 पासून लिहिलेलं आहे. गाडी नटवण्यासाठी पोरं पहिल्यांदा जाळीच काढून टाकतात. ज्या घरात चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आहे आणि मागचीच्या डोक्यावर फक्त पदर, त्या घराने कुणाचा जीव किती मोलाचा हे न बोलता सांगून टाकलेलं असतं. हे वाचायला कडू आहे, पण जिल्ह्याच्या कोणत्याही रस्त्यावर दहा मिनिटं उभं राहून बघा.

तुमच्या घरी कुणी अपघातातून उठून पुन्हा गाडीवर बसू पाहत असेल, तर त्याला घाई करू नका आणि अडवूही नका. अपघातात आपटलेलं जुनं हेल्मेट वरून धड दिसलं तरी आतला थर दबलेला असू शकतो. ते फेकून द्या. येत्या बाजारच्या दिवशी खामगावात, मलकापुरात, चिखलीत, जिथे जाल तिथे आयएसआय खुणेची दोन हेल्मेट घ्या, त्यातलं दुसरं तिच्या मापाचं, तिने डोक्यात घालून पाहिलेलं. गाडीची जाळी परत बसवून घ्या. आणि निघताना तिला विचारा, "भीती वाटते का?" हो म्हणाली, तर त्या दिवशी तिच्या वेगाने चालवा.