माणसाभोवतीच्या रेषा राख, पांडुरंगा

पांडुरंगा, माउली, रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीतून तुला हाक मारते आहे. इथे स्पंज आयर्नच्या भट्ट्या आहेत, रोलिंग मिल आहेत, आणि लागूनच बिरगावात तिथे राबणाऱ्यांची घरं आहेत. खाणीतलं लोहखनिज कोळशाबरोबर हजारेक अंशांवर भाजतं, तेव्हा पोलादासाठीचा कच्चा माल हाती येतो. त्या धगीपुढे तुझं लेकरू कधी आठ तास, कधी बारा तास उभं असतं. काळी भुकटी घरांच्या छपरांवर बसते, दोरीवरच्या कपड्यांवर बसते आणि श्वासावाटे छातीत उतरते. मी इथली सिस्टर. चमत्कार मागायला आले नाही. समोर आलेला माणूस मला पुरता दिसू दे, एवढंच मागणं आहे.

ही नजर जिच्यामुळे मिळाली, तिचं नाव तुझ्यापुढे घेते. बेटी न्यूमन. १९२४ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेली मुलगी. ती अकरा वर्षांची असताना वडील मूत्रपिंडाच्या जुनाट आजारानं गेले. आजारपणात ते आपल्या परिचारिकांचं कौतुक करत. आई खेडोपाडी बाळंतपणं करणारी सुईण होती. अशा घरातली मुलगी १९४७ साली परिचारिका झाली, पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकवू लागली, आणि १९७० मध्ये विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी तिनं एक आकृती काढली. मधोमध माणसाचा गाभा, ज्याच्यावर त्याचा जीव टिकतो. त्याभोवती वर्तुळंच वर्तुळं. आतली प्रतिकाराच्या रेषा, त्यांच्याबाहेर रोजच्या स्वास्थ्याची रेषा, आणि सगळ्यांत बाहेर एक लवचीक रेषा. ताण आधी या बाहेरच्या रेषेवर आदळतो. ती तुटली की पुढची, ती तुटली की त्याच्या पुढची.

देवा, त्या बाहेरच्या रेषेसाठी मी तुझ्यापुढे पदर पसरते. भजनातल्या पेटीच्या भात्यासारखी ती फुगते आणि आक्रसते, एका रात्रीतसुद्धा. झोप झाली की रुंदावते, जागरण झालं की गाभ्याला चिकटते. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला भर दुपारी पत्र्याखाली झोप कशी लागावी? मे महिन्यात रायपूरचा पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो. त्याला झोप दे, पांडुरंगा. त्याच्या ताटात बोरेबासी असू दे. रात्री पाण्यात भिजवलेला तो भात, सोबत कांदा आणि मिरची, उन्हाळ्यात छत्तीसगढच्या कष्टकऱ्याला थंडावा देतो. औषधाच्या चिठ्ठीवर तो कुणी लिहीत नाही, पण रेषा राखण्याचं काम तो करतो. ठेकेदाराकडून मजुरी वेळेवर मिळू दे. गावाकडून आलेला फोन प्रत्येक वेळी पैशांचाच असू नये. न्यूमनबाईंनी ताणाचे तीन उगम सांगितले: माणसाच्या आत, माणसामाणसांत, आणि पार बाहेर. भट्टीची धग, थकलेली मजुरी, बायकोशी धरलेला अबोला, सगळं एकाच देहावर येऊन पडतं, आणि केसपेपरवर मात्र आम्ही ‘छातीत दुखतं’ एवढंच लिहितो.

म्हणून विचारायची बुद्धी दे. काय दुखतं ते विचारल्यावर काय खाल्लं, किती झोपलास, घरी कोण आहे, कशाची भीती वाटते, हेही विचारण्याइतका धीर दे. रांग लांब असते, हे तू जाणतोस. तरीही दे.

आजार होण्याआधी पोचावं, झाल्यावर आवरावं, बरं होताना पुन्हा पडू देऊ नये, अशा तीन पायऱ्या त्या आकृतीशी जोडलेल्या आहेत. आम्ही दवाखान्यातले बहुतेक दुसऱ्या पायरीवरच अडकलेले असतो. पहिल्या पायरीवर या राज्यात मितानिन, वस्तीतलीच आरोग्य कार्यकर्ती, उभी आहे. देशात आशा कार्यकर्त्या यायच्या आधीच, २००२ साली, छत्तीसगढनं आपल्या पाड्यापाड्यांतून या बाया निवडल्या. कुणाचं बाळ चार दिवस पीत नाही, कुणाचा नवरा महिनाभर खोकतो, हे तिला आमच्या आधी कळतं. तिच्या पायांना बळ दे, देवा, आणि तिचं म्हणणं ऐकायला आम्हाला कान दे.

माणसाच्या घडणीत शरीर, मन, समाज आणि वाढीचं वय यांच्या जोडीला श्रद्धेलाही न्यूमनबाईंनी आपल्या पुस्तकाच्या १९८९च्या आवृत्तीत स्थान दिलं. मला ते फार मोलाचं वाटतं. सलाइन लावलेला मजूर उशाखालचा अंगारा चाचपतो, तेव्हा तो औषधाच्या आड येत नसतो. आपल्या आतल्या रेषा सावरत असतो. तो अंगारा माझ्या हातून कधी फेकला जाऊ नये.

आणि पांडुरंगा, तिसऱ्या पायरीचं नाव काढलं की मला मुंबईचं केईएम रुग्णालय आठवतं. २७ नोव्हेंबर १९७३ला अरुणा शानबाग या परिचारिकेवर त्याच रुग्णालयात, ड्युटी संपवून कपडे बदलताना, हल्ला झाला. बाहेरच्या सगळ्या रेषा एका क्षणात गेल्या. गाभा तेवढा धुगधुगत राहिला. तो तिच्या सहकारी सिस्टरांनी राखला, १८ मे २०१५ला ती गेली तोवर, एकेचाळीस वर्षांहून जास्त काळ. तिला ओळखणाऱ्या निवृत्त झाल्या, तिला कधी चालताबोलता न पाहिलेल्या मुली आल्या, आणि त्यांनीही तिला भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या त्या देहाला शय्याव्रण होऊ दिला नाही. परिचर्या म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. पण देवा, एवढी सेवा करावी लागली, कारण कपडे बदलायला एक सुरक्षित खोली नव्हती. पहिल्याच पायरीवर आम्ही तिला गमावलं होतं.

तेव्हा आमच्याभोवतीही रेषा आहेत, याचा विसर कुणाला पडू देऊ नकोस. ओळीनं रात्रपाळ्या करणाऱ्या सिस्टरच्या हातून इंजेक्शनाची मात्रा चुकण्याची भीती असते, आणि ती भीती तिलाच सर्वांत जास्त छळते. तिला जेवायची सुट्टी मिळू दे. परतीच्या रस्त्यावर दिवे असू देत. आतून कडी लागणारी खोली असू दे. रुग्णाचा नातेवाईक अंगावर धावून आला तर सोबतीला कुणी उभं असू दे.

माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलींना भट्टीकडे बघायला शिकवीन, एवढा शब्द मी तुला देते. बाकीचं ज्यांच्या हातात आहे त्यांच्या मनात तू उतर. धुराड्यातल्या धुराची गाळणयंत्रं रात्रीसुद्धा चालू ठेवायला लाव. बारा तासांची पाळी आठ तासांवर आणायला लाव. आणि हे यंदाच्या उन्हाळ्याआधी करायला लाव.