मातीचा विसावा

जालना जिल्ह्यांतील उताराच्या रानांत नांगराच्या मागोमाग मुरूम वर येऊं लागला, म्हणजे तेथील मातीचें आयुष्य सरत आलें असें समजावें. मोठ्या सरी उघड्या ढेकळांवर कोसळतात आणि कस वाहून जातो. तेंच रान नांगराविना राखून कुसळी, मारवेल अशा गवतांस सोडलें, तर मुळें मातीस बांधतात, पाणी मुरतें आणि कुजत्या मुळांतून कस हळूहळू परततो. मात्र या कामास दशकें लागतात.

मग हा विसावा द्यावा कोणीं? ज्याचें पोट तीन एकर कपाशीवर आहे, त्यास ‘रान पड टाक’ म्हणणें हें उपाशी माणसास एकादशीचें माहात्म्य सांगण्यासारखें आहे. गायरानें गवतासाठींच राखलेलीं होतीं, हें खरें. परंतु मराठवाड्यांत भूमिहीन दलितांनीं तीं कसलीं, आणि १९७८ व १९९१ सालीं शासनानें अशीं अतिक्रमणें नियमित करण्याचे निर्णय केले. मातीच्या नांवानें ती भाकर हिरावणें हा धर्म नव्हे.

अमेरिकेंत १९८५ च्या कायद्यानें शेत गवताखालीं ठेवणाऱ्यास सरकार वार्षिक खंड देऊं लागलें. चीननें १९९९ पासून उताराचीं शेतें वन वा गवताखालीं आणणाऱ्यांस धान्य व पैसा दिला. यास कोणी दान म्हणेल; वस्तुतः ती ऋणफेड आहे. त्या रानाची तूर आपण खाल्ली, त्याचा कापूस आपण नेसलों. विसाव्याचा खंड भरण्याची आपली तयारी नसेल, तर पडीचा उपदेश आपल्या तोंडीं शोभत नाहीं.