शिपायाच्या वाट्याचे रान

लढाई संपली म्हणजे लढणाऱ्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न राजसत्तांना प्रत्यक्ष लढाईपेक्षाही अधिक काळ छळीत आला आहे. आपल्याकडे त्याचे जुने उत्तर जमीन हेच होते. पराक्रम केला की इनामाची सनद होई, आणि तलवार खुंटीला लावून माणूस पीकपाण्याच्या काळजीत पडे. अमेरिकेचे उत्तरही फारसे निराळे नव्हते. स्वातंत्र्ययुद्धापासून 1855 पर्यंत तेथील सरकारने सैनिकांना चाकरीबद्दल सरकारी जमिनीचे दाखले वाटले. त्यांतले पुष्कळसे दलालांनी पडत्या भावाने विकत घेतले, आणि ती जमीन मुळात सरकारी झाली कधी, हे तिच्यावरून हुसकावलेल्या मूळ रहिवाशांना कोणी विचारले नाही. निवृत्त सैनिक व तरुण मुले यांना सरकारी वनांच्या संवर्धनाचे काम आणि त्या कामातून पुढचा चरितार्थ मिळवून देण्याची जी योजना आज त्या देशात रूढ आहे, ती या इनामाचीच दूरची वंशज होय. पूर्वी शिपायाला रान देत, आता शिपाई रानाला देतात.

या पालटाचा आरंभ बहुधा विल्यम जेम्सपाशी शोधला जातो. 1906 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात दिलेल्या आणि 1910 साली निबंधरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात या तत्त्वज्ञाने असे प्रतिपादिले की, युद्धाचा तिटकारा करणाऱ्यांनी युद्धाने जागविलेल्या शिस्त, सोशिकपणा, समर्पण आदी गुणांचा तिटकारा करू नये. त्या गुणांना रक्तपाताविना वाव मिळावा म्हणून सर्व तरुणांना, श्रीमंतांच्या मुलांनाही, काही वर्षे सक्तीने खाणींत, मालगाड्यांवर, मासेमारीच्या गलबतांवर आणि बोगद्यांच्या कामावर धाडावे. जेम्स स्वतः यादवी युद्धात लढला नव्हता. त्याचे दोन धाकटे भाऊ लढले, आणि त्यांतला एक फोर्ट वॅग्नरच्या हल्ल्यात जबर जखमी होऊन घरी आणला गेला. हे शल्य त्या निबंधाच्या मुळाशी असावे असे मला नेहमी वाटत आले आहे. परंतु एक गोष्ट त्याचे चाहते सहसा सांगत नाहीत: जेम्सच्या कल्पनेतली फौज निसर्गाच्या रक्षणासाठी नव्हती, निसर्गाविरुद्ध उभी करावयाची होती.

त्याच 1910 च्या ऑगस्ट महिन्यात जेम्स वारला. त्याच्या मृत्यूपूर्वी अवघ्या आठवड्याच्या आत, 20 व 21 तारखेस, आयडाहो व मोंटॅना प्रांतांत सुमारे 30 लाख एकर अरण्य वणव्यात भस्म झाले. वनखाते तेव्हा पाच वर्षांचे पोर होते. माणसे अपुरी पडली म्हणून फौजेच्या तुकड्या मागवाव्या लागल्या. एड पुलास्की नावाच्या वनरक्षकाने आपल्या हाताखालच्या चाळीसेक माणसांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात कोंडून, बाहेर धावू पाहणाऱ्यांवर पिस्तूल रोखून, बहुतेकांचे प्राण वाचविले. त्याच्या नावाने ओळखले जाणारे हत्यार आजही प्रत्येक वनपथकाच्या खांद्यावर असते: एका दांड्याच्या एका अंगाला कुऱ्हाडीचे उभे पाते आणि दुसऱ्या अंगाला, सुताराच्या वाकसासारखे, माती उकरणारे आडवे पाते. तोडणे आणि खणणे एकाच हाताने व्हावे, ही गरज व्याख्यानात सुचत नाही.

जेम्सची कल्पना अंमलात आली ती मात्र तत्त्वज्ञानाने नव्हे, धास्तीने. पहिल्या महायुद्धातील सैनिकांना 1924 च्या कायद्याने बोनस मंजूर झाला, पण तो हाती पडण्याची मुदत ठरली 1945 ची. मंदीत उपाशी मरणाऱ्या माणसांना ही मुदत थट्टाच वाटली असेल. 1932 च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक बायकापोरांसह वॉशिंग्टनला जमले आणि अ‍ॅनाकोस्टिया नदीच्या काठी पत्र्याफळ्यांच्या झोपड्या घालून राहिले. 28 जुलैला जनरल मॅकार्थरने घोडदळ, रणगाडे व अश्रुधूर यांनिशी त्यांना हाकलले आणि त्या झोपड्या जळाल्या. पुढल्या वर्षी सैनिक पुन्हा आले. नवे अध्यक्ष रुझवेल्ट हेही बोनस देण्यास राजी नव्हते, तरी त्यांनी रणगाडे न पाठविता छावणीची सोय केली; त्यांच्या पत्नी चिखल तुडवीत जाऊन त्या माणसांबरोबर युद्धकाळातली गाणी म्हणून आल्या; आणि 11 मे 1933 च्या हुकुमाने 25,000 माजी सैनिकांना, वयाची वा अविवाहितपणाची अट न घालता, नुकत्याच स्थापन झालेल्या सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरमध्ये दाखल करून घेण्याची तरतूद झाली.

हे दल मुळात 18 ते 25 वयाच्या बेकार, अविवाहित मुलांसाठी होते. कायद्यावर सही झाली 31 मार्चला, आणि व्हर्जिनियातील पहिली छावणी उभी राहिली 17 एप्रिलला. सरकारी कारभाराचा ज्याला अनुभव आहे त्याने या दोन तारखा क्षणभर शेजारी ठेवून पाहाव्यात. निवड मजूरखात्याने करावयाची, छावणी फौजेने चालवावयाची, काम शेतकी व गृह खात्यांनी नेमून द्यावयाचे, आणि या सर्वांवर संचालक म्हणून रॉबर्ट फेकनर हा कामगार संघटनेतला माणूस, कारण तुटपुंज्या रोजंदारीवर लष्करी थाटाची मजूरसेना उभी राहत आहे, अशी ओरड कामगारपुढाऱ्यांनी आधीच सुरू केली होती. महिन्याला 30 डॉलर पगार; त्यांतले सुमारे 25 परस्पर घरी जात. पोर जंगलात दगड फोडी आणि चूल गावात पेटे. नऊ वर्षांत 30 लाख माणसे या छावण्यांतून गेली, सुमारे तीन अब्ज झाडे लागली, कित्येक मुले तेथेच अक्षरओळख शिकली.

पण गौरवगीत येथेच थांबवावे हे बरे. काळ्या मुलांच्या छावण्या लवकरच वेगळ्या करण्यात आल्या. स्त्रियांना या दलात प्रवेशच नव्हता. आणि मूळ रहिवाशांचे ऐंशी हजारांहून अधिक लोक, ज्यांच्या पूर्वजांची जमीन दाखल्यांवर वाटली गेली होती, ते उरल्यासुरल्या आपल्याच भूमीवर सरकारी मजूर म्हणून राबले. शिवाय सर्वच सैनिकांच्या वाट्याला ही छावणी आली असेही नाही. मदतखात्याने काहींना फ्लॉरिडाच्या बेटांवर रस्त्याच्या कामाला धाडले होते. 2 सप्टेंबर 1935 च्या चक्रीवादळात त्यांना आणण्यासाठी निघालेली आगगाडी उशिरा पोहोचली, रुळांवरून उलथली, आणि अडीचशेच्या आसपास माजी सैनिक बुडाले.

1942 मध्ये काँग्रेसने दलाचा खर्च नामंजूर केला आणि ते बरखास्त झाले. छावणीत राहण्याची, हुकूम पाळण्याची सवय लागलेली ती मुले तोवर खऱ्या फौजेत भरती होऊ लागली होती. जेम्सने युद्धाला पर्याय मागितला होता. तयार झाली ती युद्धाची देवडी.

पुढचा काही काळ ही कल्पना धुगधुगत राहिली. 1957 पासून विद्यार्थी स्वयंसेवक राष्ट्रीय उद्यानांत जाऊ लागले, 1970 साली किशोरांच्या अशाच दलासाठी कायदा झाला. मला रस आहे तो कॅलिफोर्नियाने 1976 मध्ये उभारलेल्या दलात, कारण तेथे बी. टी. कॉलिन्स नावाचा संचालक भेटतो. व्हिएतनाममध्ये एक हात व एक पाय गमावलेला हा गडी मुलांना ऐकवी की येथे काम कष्टाचे, पगार थोडा आणि परिस्थिती हलाखीची; आणि तरीही मुले येत. 1981 साली फळमाशीवर फवारावयाच्या मॅलॅथिऑनला लोक भिऊ लागले, तेव्हा त्याने पाण्यात कालविलेले ते औषध सर्वांसमक्ष पिऊन दाखविले. हा प्रकार शहाणपणाचा म्हणवत नाही.

नेमक्या त्याच सुमारास, 1982 साली, आपल्याकडे डेहराडूनला प्रादेशिक सेनेची पहिली पर्यावरण पलटण उभी राहून मसुरीच्या चुनखडीच्या खाणींनी बोडक्या झालेल्या डोंगरांवर झाडे लावू लागली. आणि 2017 साली तेव्हाच्या औरंगाबादेत महार रेजिमेंटच्या माजी सैनिकांची तशीच पलटण मराठवाड्याच्या माळावर रोपे जगविण्यास रुजू झाली. पस्तिशी-चाळिशीत पेन्शनीत निघालेला आपला जवान बहुधा बँकेच्या दारात दोननळी घेऊन स्टुलावर बसलेला दिसतो. ज्याला नकाशा वाचता येतो, पंचवीस माणसे चालविता येतात, त्याला दिवसभर दार राखावयास बसविण्यात कोणाची काटकसर होते, कोण जाणे.

अमेरिकेच्या 2019 च्या कायद्याने तेथील वनसंवर्धनाच्या पथकांची वयोमर्यादा साधारण तरुणांस 30 व माजी सैनिकांस 35 अशी ठेवली. आणि किमान 640 तासांची सेवा भरली की सरकारी नोकरीच्या अर्जात एरवीच्या खुल्या स्पर्धेतून सूट मिळते. माझ्या मते शंभर वर्षांच्या या प्रवासातला खरा नवा शब्द ‘तास’ हाच आहे. इनाम मर्जीवर मिळे, मदत दयेवर मिळे; तास मोजून मागता येतात. अर्थात सूट म्हणजे नेमणूक नव्हे, आणि वनखात्याच्या हंगामी माणसाला ‘कायम’ हा शब्द ऐकण्यासाठी तेथेही फार वाट पाहावी लागते.

1964 च्या कायद्याने राखलेल्या निबिड अरण्यांत यंत्राची करवत चालत नाही. पायवाटेवर आडवा पडलेला वृक्ष दोघांनी ओढावयाच्या लांब करवतीने कापावा लागतो, आणि तिचा पहिला नियम असा की प्रत्येकाने केवळ आपल्याकडे ओढावयाचे. ढकलले की पाते वाकते. एका टोकाला लढाईवरून परतलेला तिशीचा शिपाई, दुसऱ्या टोकाला शाळा नुकतीच सुटलेले पोर. पोर पहिले दोन दिवस ढकलतेच. शिपाई थांबतो, पाते सरळ करतो, पुन्हा ओढू लागतो. आणि संध्याकाळी हजेरीपटावर दोघांचे तास सारखेच मांडले जातात.