पिठाचा कोंबडा, पोलादी मेंढा

पोलादी लक्ष्यावर नेमबाजी करायची तर लक्ष्याइतकाच ते टांगायच्या घोडीचाही विचार करावा लागतो. हा छंद अमेरिकेत फार पसरलेला आहे. तिथले पुष्कळ नेमबाज गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत सरावाला जातात आणि जाताना घोडी गाडीत टाकून नेतात, म्हणून ती सुटी करता येईल अशीच बनवतात. रचना साधी असते. सुताराच्या घोडीसारखे चार पाय, ते अडकवायला दोन टोकांना लोखंडी पकडी, वर एक आडवे लाकूड, आणि त्याला साखळीने किंवा जाड रबरी पट्ट्याने टांगलेली तबकडी. पाय आणि आडवे लाकूड मुद्दाम स्वस्तातले घेतात. चुकलेली गोळी कधीतरी त्यांना लागणारच, आणि लाकूड चटकन बदलता येते.

तबकडी मात्र कुठल्याही लोखंडाची चालत नाही. मऊ पोलादात गोळीने खळगा पडतो, आणि त्या खळग्यात आदळलेल्या पुढच्या गोळीचे तुकडे नेमबाजाकडेच उलटून येऊ शकतात. म्हणून ब्रिनेल मापाने सुमारे ५०० कठिणतेचे, सहसा न झिजणारे पोलाद वापरतात. त्याच्या सपाट पृष्ठभागावर गोळी फुटते आणि किरचा तबकडीच्या पातळीलगत चहूकडे उडतात. तबकडीची वरची कड साधारण २० अंश पुढे झुकवली की समोर येऊ शकणाऱ्या किरचांपैकी बऱ्याच जमिनीकडे वळतात. शिवाय अंतराचे नियम असतात आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा लागतो. एवढ्या काळजीने उभारलेल्या या वस्तूचे काम एकच: कुणालाही न मारता मारण्याचे कौशल्य कमावता यावे. त्यातूनच एक जुना प्रश्न निघतो. मारण्याच्या क्रियेतून मरणारा काढून टाकला, तर हिंसा उरते की संपते?

मरणारा काढून टाकायला माणसाने बराच वेळ घेतला. होमरच्या ‘इलियड’मध्ये पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीच्या खेळांत अकिलीस जहाजाची डोलकाठी वाळूत रोवतो आणि तिला एक कबुतर पायाला दोरी बांधून अडकवतो. पक्षी टिपणाऱ्याला दहा दुधारी कुऱ्हाडी, नुसती दोरी तोडणाऱ्याला दहा एकधारी. ट्यूकरचा बाण दोरीला लागतो, कबुतर सुटते, आणि मेरिओनीस त्याला उडतानाच टिपतो. ट्यूकर हरला तो अपोलोला नवस बोलला नाही म्हणून, असे काव्य सांगते. कबुतराची बाजू कुणीच मांडत नाही. १९०० साली पॅरिसच्या ऑलिंपिकबरोबर झालेल्या स्पर्धांतही जिवंत कबुतरे सोडून ती पाडण्याचा खेळ होता, आणि बेल्जियमचा लेऑन द लुंडेन २१ पक्षी मारून जिंकला. तोवर मातीच्या तबकड्या निघून वीस वर्षे झाली होती. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगॉव्स्कीने त्या १८८० मध्ये बनवल्या होत्या. मेक्सिकोत पूर्वी कोंबड्या, मेंढे अशी जनावरे दूरवर बांधून त्यांच्यावर नेम धरण्याच्या स्पर्धा होत. विसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्या जागी पोलादी आकृत्या आल्या. हा खेळ आता जगभर खेळला जातो: २०० मीटरवर कोंबडी, ३०० वर रानडुक्कर, ३८५ वर टर्की, ५०० वर मेंढा. आकृतीला गोळी नुसती लागून भागत नाही, ती बैठकीवरून खाली पडावी लागते. जिवंत लक्ष्याला एक दोरी पुरत होती. पोलादी लक्ष्याला बैठक हवी, घोडी हवी, अंतर हवे. जिवाची सुटका झाली ती एवढ्या सामानाच्या बदल्यात.

भारतीय परंपरेत या प्रश्नाची चर्चा शिकारीपासून सुरू होते. राजाच्या व्यसनांचा विचार करताना कौटिल्याने जुगारापेक्षा शिकार बरी ठरवली. शिकारीने व्यायाम होतो, चरबी झडते, जनावरांचे चित्त कळते, आणि स्थिर तसेच हलत्या शरीरावर नेम धरण्याचा सराव होतो, अशी त्याची कारणे. कालिदासाच्या ‘शाकुंतला’तला सेनापतीही दुष्यंताला जवळपास हेच ऐकवतो. शिकारीचा हा बचाव मुळात कौशल्याचा आहे. म्हणजे तेच कौशल्य निर्जीव वस्तूवर मिळवता आले की बचावाचा कणाच मोडतो. महाभारताच्या आदिपर्वात द्रोणाने शिष्यांची परीक्षा घेतली ती अशाच वस्तूवर. कारागिरांकडून भास नावाचा कृत्रिम पक्षी करवून घेऊन त्याने तो झाडाच्या शेंड्यावर ठेवला होता. मराठी घरांत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत तो बहुधा पोपट असतो आणि अर्जुनाला फक्त त्याचा डोळा दिसतो. मूळ कथेत त्याला पक्ष्याचे डोके दिसते आणि तो ते उडवतो. झाडावरून खाली पडते ते एक खेळणे, आणि त्याबद्दल कुणाला काही वाटायचे कारण नाही, असे प्रथमदर्शनी वाटते.

पण त्याच पर्वात एकलव्य मातीचा द्रोण करतो, त्याला गुरू मानून सराव करतो, आणि त्याला खरी विद्या मिळते. मातीच्या मूर्तीत गुरू असू शकतो, तर कृत्रिम पक्ष्यात पक्षी मुळीच नाही असे ठामपणे कसे म्हणावे? भक्ती प्रतिमेतून पोचते आणि हिंसा तेवढी पोचत नाही, अशी सोयीची वाटणी मूर्तिपूजक परंपरेला तरी करता येत नाही.

या अडचणीला सर्वांत निष्ठुर उत्तर जैनांनी दिले, तेही एका गोष्टीतून. उज्जयिनीचा राजा यशोधर आपल्या राणीचा व्यभिचार स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. खरे कारण आईला सांगण्याऐवजी तो वाईट स्वप्नाची सबब पुढे करतो. स्वप्नाच्या शांतीसाठी देवीला पशुबळी दे, असा आई चंद्रमती आग्रह धरते. तो नकार देतो, ती ऐकत नाही, आणि शेवटी तडजोड होते: पिठाचा कोंबडा करून तो देवीपुढे कापायचा. तसा तो कापला जातो. पुढे राणी दोघांना विष घालते, आणि माय-लेकांचे जन्मांचे फेरे सुरू होतात. पहिल्या जन्मात तो मोर, ती कुत्रा. पाण्यातले आणि जमिनीवरचे आणखी कित्येक जन्म भोगून शेवटी दोघे कोंबड्यांच्या जन्माला येतात. एका मुनीचा उपदेश कानी पडल्यावर आनंदाने आरवतात, आणि तो आवाज ऐकून राजा राणीला आपली नेमबाजी दाखवण्यासाठी आवाजाच्या रोखाने बाण सोडतो. हा राजा म्हणजे यशोधराचाच मुलगा. हौसेच्या नेमबाजीवर याहून बोचरे भाष्य भारतीय वाङ्मयात क्वचितच सापडेल.

सोमदेवसूरींनी ९५९ साली, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळात, ‘यशस्तिलक’ पुरे केले ते याच कथेवर. त्याच सुमारास मान्यखेटात पुष्पदंताने अपभ्रंशात ‘जसहरचरिउ’ लिहिले, आणि परशुराम लक्ष्मण वैद्यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती विदर्भातल्या कारंज्याच्या जैन ग्रंथमालेत १९३१ साली निघाली. कन्नडात जन्नाचे काव्य १२०९चे, आणि त्यावरून गिरीश कर्नाडांचे नाटक. इतक्या लेखकांना ही कथा खुणावत राहिली, कारण तिच्यातला अपराध हातात धरून दाखवता येत नाही. एकही प्राणी मेलेला नाही, तरी शिक्षा मात्र पुरेपूर झाली आहे.

जैन शास्त्राची परिभाषा लावली तर इथे द्रव्यहिंसा झाली नाही, भावहिंसा झाली. अमृतचंद्राने ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त राग-द्वेषादी विकार मनात उठणे हीच हिंसा मानली, प्राण जाणे त्याच्या मागून येते. गंमत अशी की यज्ञाचे समर्थन करणारी मीमांसाही इथे नकळत जैनांच्या बाजूला उभी राहते. सांगितलेले द्रव्य मिळाले नाही तर त्याच्यासारखे दुसरे घ्यावे, हा मीमांसकांचा प्रतिनिधीचा सिद्धांत. साळीच्या जागी देवभात चालतो, पण तो साळ म्हणूनच वापरायचा. असे असेल तर पिठाचा कोंबडाही कोंबडा म्हणूनच कापला जातो, आणि जैनांचा आक्षेप नेमका हाच आहे. मध्वाचार्यांच्या परंपरेने यज्ञात पिष्टपशू, म्हणजे पिठाचा पशू, स्वीकारला, तेव्हा तिला एका बाजूने शास्त्र बिघडल्याचा आणि दुसऱ्या बाजूने हिंसा उरल्याचा असे दोन्ही आरोप सोसावे लागणे अटळ होते. महाराष्ट्रात नवरात्रात बोकडाऐवजी कोहळा कापतात, तो या वादात कुठेतरी मध्ये बसतो. त्याला बोकडाचा आकार नाही, पण बळी हे नाव आहे.

मग मेक्सिकोतला पोलादी मेंढा पाडणाराही यशोधराच्या रांगेत बसतो का? तसे म्हणणे ताणल्यासारखे होईल. पिठाच्या गोळ्याला कोंबड्याचा आकार दिला नसता तर त्या विधीला अर्थच उरला नसता, कारण देवीला कोंबडा दिल्याचे भासवायचे होते. मेंढ्याच्या जागी तेवढ्याच वजनाचा चौकोनी पत्रा ठेवला तर खेळाची लज्जत थोडी कमी होईल, गुण तेवढेच मिळतील. कसोटी इथे सापडते. आकार काढून घेतल्यावर कृतीचे प्रयोजन टिकत असेल तर आकृती शोभेची. टिकत नसेल तर ती मरणाऱ्याच्या जागी उभी आहे. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्याच्यापुढे फक्त गोल होते, आणि ही कसोटी तिथे उपस्थितच होत नाही.

ती पुरेपूर लागू होते सैन्यात. एस. एल. ए. मार्शल या अमेरिकन लष्करी लेखकाने १९४७ साली असा दावा केला की दुसऱ्या महायुद्धातले बहुतेक पायदळ सैनिक प्रत्यक्ष चकमकीत गोळीच झाडत नसत. त्याच्या आकड्यांवर पुढे अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या. पण १९५०च्या दशकात अमेरिकन सैन्याच्या चांदमारीत गोल चक्रांची जागा माणसाच्या आकाराच्या, अचानक उठणाऱ्या आणि गोळी लागताच पडणाऱ्या आकृत्यांनी घेतली. तिथे आकार काढून घेतला तर शिक्षणच अपुरे राहते. आकृतीत कुणी नाही हे खरे. तरी सराव होतो तो कुणीतरी असण्याचाच. युद्धाची गरज म्हणून याचे समर्थन करता येईल, पण निर्जीव पत्र्यावरचा निरुपद्रवी खेळ म्हणून ते करता येत नाही.

भाव आणि आकार यांपलीकडे तिसरी गोष्ट आहे सावधगिरी, आणि घोडीचा खरा संबंध तिच्याशी आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाला जोडलेली आहे. कुंदकुंदाने ‘प्रवचनसारा’त ती शेवटापर्यंत नेली: जीव मरो वा जगो, बेफिकीर वागणाऱ्याच्या पदरी हिंसा पडतेच, आणि जपून वागणाऱ्याला केवळ जीव गेल्यामुळे कर्माचा बंध लागत नाही. या नियमाने भंगारातला मऊ पत्रा कशालातरी टांगून त्यावर गोळ्या झाडणारा, दिवसभरात कुणालाही किरच लागली नाही तरी, हिंसकच आहे. तबकडीचा कोन, पोलादाची कठिणता, मागचा मातीचा बांध या तांत्रिक गोष्टी जैन दृष्टीने सरळ नीतीच्या ठरतात. नीतिशास्त्राची पुस्तके अंशांत आणि मीटरमध्ये बोलत नाहीत, हा त्यांचा दोषच म्हणावा लागेल.

गृहस्थाला जैन आचारात शस्त्र पूर्ण वर्ज्य नाही. घरकामातली, उद्योगातली आणि प्रतिकारातली हिंसा त्याला पूर्णपणे टाळता येत नाही हे मान्य आहे. ठरवून केलेली संकल्पी हिंसा तेवढी वर्ज्य. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर उभारणारा चावुंडराय स्वतः सेनापती होता, आणि त्या मूर्तीच्या पायाशी त्याचे नाव मराठीतही कोरलेले आहे. हौसेची नेमबाजी मात्र यांतल्या कुठल्याच सवलतीत बसत नाही. तिची तपासणी अनर्थदंडाच्या, म्हणजे विनाकारण होणाऱ्या हानीच्या, व्रताखाली करावी लागते. त्या व्रतात हत्यारे दुसऱ्याला पुरवणे दोषास्पद आहे, आणि गरज नसताना जमीन उकरणे, झाडे तोडणेही. पोलादी तबकडी पहिल्या कलमातून बहुधा सुटेल, कारण ती हत्यार नव्हे. दुसऱ्यातून ती सुटत नाही. वीस अंशांच्या कोनाने किरचा माणसापासून दूर जातात, पण जातात त्या जमिनीत, आणि त्या बहुधा शिशाच्या असतात. शिसे मातीत साचत राहते, हळूहळू पाण्यात उतरते, आणि खडे समजून ते टिपणारे पक्षी त्याने मरतात. म्हणून कायमच्या चांदमारी मैदानांवर माती वेळोवेळी चाळून शिसे काढून घेण्याची पद्धत आहे. हलत्या घोडीमागे अशी एक ठरलेली जागा नसते. ती जिथे उभी केली तिथली माती साफ करण्याचे काम ती उभी करणाऱ्यावरच येते.